पालेभाजीसाठी कार्बन डायऑक्साइडची पिशवी आणि नत्राची बाटली: एका जोडसंचाचे परीक्षण

मुंबईत बाल्कनीत किंवा खिडकीच्या जाळीत पालेभाजी लावणाऱ्यांसाठी अलीकडे ऑनलाइन बाजारात एक जोडसंच विकला जातो. खोक्यात दोन मुख्य वस्तू असतात: बुरशीचे जाळे भरलेली, कार्बन डायऑक्साइड सोडणारी एक पिशवी आणि ‘पानवाढीसाठी’ म्हणून दिलेली नत्रयुक्त, म्हणजे नायट्रोजन असलेल्या, द्रवखताची एक बाटली. सोबत मोजमापाचे टोपण आणि इंग्रजी-हिंदीतले एक घडीपत्रक येते. सगळे मिळून मला साधारण अठराशे रुपये पडले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण जवळपास असाच माल निरनिराळ्या लेबलांखाली मिळतो आणि पुढचे बहुतेक आक्षेप त्या सगळ्यांनाच लागू पडतात.

निकाल आधीच सांगते. पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही बाटलीचे. पिशवी मुंबईच्या बाल्कनीत निरुपयोगी आहे, बाटली काही अटींवर चांगली आहे आणि घडीपत्रक दिशाभूल करणारे आहे. पत्रकाच्या म्हणण्याप्रमाणे कार्बन डायऑक्साइड वाढवला की पाने वाढतात, नत्र वाढवले की पाने वाढतात, म्हणून दोन्ही वाढवले की पाने दुप्पट होतात, आणि तीही ‘सर्व पालेभाज्यांची’. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिके अनेक वर्षे घेतलेली असल्यामुळे ही बेरीज मला पहिल्या वाचनातच खटकली. कार्बन डायऑक्साइडचा लाभ पानाला किती घेता येईल हे बऱ्याच अंशी त्याच्या पदरी नत्र किती आहे यावर ठरते, आणि काही पालेभाज्यांना तो लाभ जवळजवळ मिळतच नाही. हे परीक्षण लांबले आहे ते यामुळेच.

प्रथम पिशवी. तिच्यात लाकडाचा भुसा आणि धान्याच्या कोंड्यासारखा माल निर्जंतुक करून त्यावर बुरशी वाढवलेली असते. बुरशी श्वसन करते, भुशातील पिष्टमय आणि काष्ठमय पदार्थ हळूहळू जाळते आणि पिशवीवरच्या गाळणीच्या पट्टीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तत्त्व खरे आहे आणि यात फसवणूक काही नाही. प्रश्न मात्रेचा आहे. माझी पिशवी ओलाव्यासह दोन किलोच्या आसपास भरली. त्यातले निम्मे कोरडे द्रव्य धरले आणि ते सारेच्या सारे बुरशीने जाळून टाकले असे उदारपणे मानले, तरी एक किलो काष्ठद्रव्यापासून सुमारे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पिशवी सहा महिने चालते असा पत्रकाचा दावा आहे; तेवढ्या दिवसांवर तो वायू वाटला तर दिवसाला नऊ ग्रॅमच्या आत येतो. एक प्रौढ माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतो. म्हणजे घरातल्या एका माणसाच्या एका दिवसाच्या श्वासाची बरोबरी करायला या पिशवीला साडेतीन महिने लागतील. शिवाय पिशवी रात्रंदिवस वायू सोडत राहते आणि पाने तो फक्त उजेडात वापरू शकतात, त्यामुळे या तुटपुंज्या उत्पन्नातलाही निम्मा भाग रात्रीच वाया जातो.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतल्या हवेत ४०० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ४०० भागांची, भर घालायला सुमारे वीस ग्रॅम वायू लागतो, आणि खिडकी किंचित उघडी असली तरी ती भर तासा-दोन तासांत निघून जाते. उघड्या बाल्कनीत, जिथे समुद्रावरून येणारा वारा दिवसभर हवा बदलत असतो, तिथे दिवसाला नऊ ग्रॅम म्हणजे काहीच नाही. मी अवरक्त किरणांवर चालणारे, कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र मैत्रिणीकडून आणून पिशवीखाली ठेवले. पिशवी टांगलेली असताना आणि काढून ठेवलेली असताना आकड्यांत फरक दिसला नाही. तेच यंत्र रात्री झोपण्याच्या खोलीत ठेवले, खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावला, तर पहाटेपर्यंत आकडा हजाराच्या बराच वर गेलेला होता, कारण असा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. पत्रकात वचन दिलेली हवा आपल्या शयनगृहात फुकट तयार होते, फक्त तिथे झाडे नसतात आणि उजेडही नसतो.

यंत्र विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देते. हजार रुपयांच्या आतली बरीच यंत्रे कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजत नाहीत, हवेतल्या इतर बाष्पशील पदार्थांवरून त्याचा अंदाज बांधतात. देवापुढे उदबत्ती लावली की त्यांचा आकडा उसळतो. अशा यंत्रावर विसंबून पिशवी ‘काम करते’ असे प्रशस्तिपत्र देणारे अभिप्राय विक्रीच्या पानावर मला अनेक दिसले.

पत्रकाचा यावरचा तोडगा असा की झाडे बंद जागेत ठेवावीत. त्यासाठी मी चेनने बंद होणाऱ्या प्लॅस्टिक आवरणाची लोखंडी मांडणी वापरली. आवरण बंद ठेवले तेव्हा सकाळी सूर्य येण्याआधी आतला आकडा बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त असे, त्यामुळे पिशवी वायू सोडते याबद्दल शंका उरली नाही. पण ऊन आले की दोन गोष्टी एकाच वेळी घडत. पाने वायू वापरू लागत आणि आतले तापमान चढू लागे. एप्रिलच्या सकाळी नऊ-साडेनऊलाच आवरण उघडावे लागे, नाहीतर पालक पिळवटून जाई, आणि आवरण उघडले की साठवलेला वायू बाहेर. पावसाळ्यात तापमान कमी असले तरी आतली दमट हवा रोपांची मान सडवते. ज्या वेळी वायूचा उपयोग होणार, नेमक्या त्याच वेळी जागा उघडी ठेवणे भाग पडते, हा मुंबईच्या हवेतला पेच पिशवीच्या उत्पादकाने लक्षात घेतलेला नाही.

हॉलंडमध्ये हे तंत्र यशस्वी झाले त्याचे कारण हवामानातच आहे. तिथली काचघरे थंडीमुळे बराच काळ बंद असतात, त्यांना ऊब देण्यासाठी नैसर्गिक वायू जाळला जातो आणि त्या धुरातला शुद्ध केलेला कार्बन डायऑक्साइड आत सोडून पातळी ८०० ते १,००० पीपीएमच्या आसपास राखली जाते. रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा वायू २००५ पासून नळाने काचघरांना पुरवला जातो. तिथे हिशोब टनांत होतो. आपल्याकडे पुणे परिसरातली बहुतेक पॉलिहाउसेसुद्धा वारा खेळता राहावा म्हणून बाजूंनी उघडणारी बांधतात, कारण आपली अडचण उष्णता बाहेर घालवण्याची आहे.

आता मूळ विषयाकडे येते, म्हणजे पिशवीऐवजी खरोखरच भरपूर कार्बन डायऑक्साइड मिळाला तर पानाचे काय होते. हा प्रश्न केवळ बाल्कनीचा नाही. औद्योगिक युगाआधी हवेत सुमारे २८० पीपीएम असलेला हा वायू १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता आणि २०२४ मध्ये त्याची वार्षिक सरासरी ४२० च्या पुढे गेली. प्रत्येक शेतावर, कर्जतच्या भातखाचरावर आणि मध्य रेल्वेच्या रुळांलगतच्या पालकाच्या वाफ्यावर, कोणीही न टांगलेली ही पिशवी आधीच टांगलेली आहे.

पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, अळू, मिरची, भात, गहू आणि सोयाबीन या सी-३ गटातल्या वनस्पती आहेत; पान हवेतला कार्बन कोणत्या पद्धतीने पकडते यावरून हे गट पडतात. त्यांच्या पानात हवेतला कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) करते. या विकराची खोड अशी की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूही पकडते, आणि तसे झाले की प्रकाशश्वसन नावाच्या वळणावर पानाची कमावलेली ऊर्जा खर्च होते. उष्ण हवेत ही गळती अधिक. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की रुबिस्कोला योग्य वायू जास्त वेळा सापडतो, गळती घटते आणि साखर जास्त तयार होते. शिवाय पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, थोडी मिटतात. मोकळ्या शेतात केलेल्या प्रयोगांत त्यांची उघडीक सरासरीने सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी आढळली आहे, त्यामुळे पाणीही वाचते.

माठाची गोष्ट मात्र वेगळी आहे. लाल माठ, हिरवा माठ, तांदुळजा, राजगिरा ही सारी कुळी सी-४ गटातली आहे, ज्वारी, बाजरी, मका आणि उसासारखी. या वनस्पती पानातल्या पानात कार्बन डायऑक्साइड गोळा करून रुबिस्कोभोवती त्याची दाटी करतात, म्हणजे पत्रकात वर्णन केलेली सोय त्यांनी स्वतःच करून ठेवलेली असते. अमेरिकेत इलिनॉय येथे मक्यावर केलेल्या मोकळ्या शेतातल्या प्रयोगात, पाण्याचा ताण नसताना, जास्त कार्बन डायऑक्साइडने उत्पादन वाढले नाही. आपल्या बाजारात पावसाळ्यात येणारी घोळ तर याहून नवलाची, ती सी-४ असून पाणी आटले की रात्री वायू साठवण्याची दुसरी युक्तीही वापरते. पत्रकाच्या मुखपृष्ठावर लाल माठाचा रसरशीत फोटो छापला आहे. ज्या भाजीला या पिशवीचा उपयोग सर्वांत कमी, तिचाच फोटो निवडला गेला यावरून पत्रक लिहिणाऱ्याचा विषयाशी किती परिचय आहे ते कळते.

सी-३ वनस्पतींतही साखर वाढली म्हणजे पान मोठे झाले असे होत नाही, आणि या परीक्षणातला हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पानाचा आकार दोन टप्प्यांत ठरतो. पान अगदी कोवळे असताना किती पेशी तयार होतील हे प्रथिनांवर, पर्यायाने नत्रावर, फार अवलंबून असते. मग त्या पेशी फुगून पसरतात, आणि तिथे पाणी व साखर दोन्ही लागतात. नत्र कमी असेल तर पेशींची संख्याच मर्यादित राहते. आलेली जादा साखर नव्या पानांत गुंतवायला जागा मिळत नाही, ती पिष्ट (स्टार्च) होऊन आहे त्याच पानांत साठते आणि पान पसरण्याऐवजी जाड व जड होते. वजनकाट्यावर वाढ दिसते, पसाऱ्यात दिसत नाही. पुढे पानात साखर साचत राहिली की वनस्पती रुबिस्को कमी प्रमाणात बनवू लागते. सी-३ पानातल्या एकूण नत्राचा मोठा वाटा, बऱ्याचदा पाव भागाच्या जवळपास, या एकाच विकरात अडकलेला असतो, त्यामुळे नत्राची चणचण असताना पहिली कपात तिथेच होते. सुरुवातीला प्रकाशसंश्लेषणात दिसलेली उसळी काही आठवड्यांत बरीच ओसरते ती यामुळे.

हे केवळ कुंडीतले निरीक्षण नाही. अॅरिझोनातील मॅरिकोपा येथे १९९० च्या दशकात गव्हाच्या मोकळ्या शेतात नळांच्या कड्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडून पातळी सुमारे २०० पीपीएमने वाढवण्यात आली. जिथे नत्र भरपूर दिले होते तिथे उत्पादन सुमारे १५ टक्के वाढले, जिथे नत्र तोकडे ठेवले होते तिथे वाढ जवळपास निम्मी राहिली. जपानमध्ये इवाते प्रांतातल्या शिझुकुइशी येथे १९९८ पासून भातावर असाच प्रयोग झाला आणि चित्र त्याच वळणाचे निघाले. भाताला सुरुवातीला फुटवे जास्त आले, पण मुळांकडून नत्राचा पुरवठा त्या वेगाने वाढला नाही, तेव्हा पुढे पानांच्या एकूण पसाऱ्यातला फायदा विरत गेला. कोकणातल्या खाचरांत, जिथे पावसाच्या सरींबरोबर नत्र वाहून जाते, तिथे या निष्कर्षाचे महत्त्व अधिकच आहे. भारतातही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आणि हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत वाढीव कार्बन डायऑक्साइडखाली पिकांचा अभ्यास होतो, त्यामुळे संच विकणाऱ्याला आपल्याच देशात विचारपूस करणे अवघड नव्हते.

या पार्श्वभूमीवर मी संच कसा तपासला ते थोडक्यात सांगते. पालक, लाल माठ आणि मेथी एकाच मिश्रणात, म्हणजे कोकोपीट आणि थोडे गांडूळखत घालून, सारख्या ट्रेमध्ये पेरली. काही ट्रे आवरणाच्या मांडणीत पिशवीखाली आणि काही उघड्यावर ठेवले, आणि दोन्हीकडे निम्म्या ट्रेंना बाटलीतले खत दिले, निम्म्यांना नुसते पाणी. पाने आलेख कागदावर गिरवून चौकटी मोजल्या. ही पद्धत जुनी आहे, पण घरी तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. मुलुंडच्या आमच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत साडेदहापर्यंतच ऊन येते, हेही नोंदवायला हवे.

पालकात बाटलीचा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका स्पष्ट होता. खत दिलेल्या ट्रेमधली पाने रुंद, गर्द हिरवी आणि संख्येनेही जास्त, आणि हा फरक पिशवी असलेल्या व नसलेल्या दोन्ही ठिकाणी सारखाच. खत न दिलेल्या ट्रेमध्ये तळाची जुनी पाने आधी पिवळी पडली. हे नत्राच्या कमतरतेचे नेमके लक्षण आहे, कारण वनस्पती जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते. पिशवीखालच्या, पण खत न मिळालेल्या पालकाची पाने बोटांना किंचित जाड लागली, आकाराने मात्र ती उघड्यावरच्या बिनखताच्या पानांपेक्षा मोठी नव्हती. एवढ्याशा वायूने ती जाड झाली की आवरणातल्या हवेने, हे घरच्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही, म्हणून त्यावर मी जास्त भर देत नाही. लाल माठाने पिशवीची दखलही घेतली नाही आणि बाटलीला मात्र भरभरून दाद दिली.

मेथी हे शेंगवर्गीय पीक, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात. अशा पिकांना जास्त कार्बन डायऑक्साइडचा लाभ तत्त्वतः अधिक, कारण जादा साखर जिवाणूंना देऊन ती बदल्यात नत्र मिळवतात. सोयाबीन याचे ठळक उदाहरण. पण नव्या कोकोपीटमध्ये योग्य जिवाणू असतीलच असे नाही, आणि वरून नत्र ओतले की गाठी धरण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे मेथीला बाटलीची मात्रा निम्मी पुरे. आणि मुंबईत जुडीने मिळणारी ती इवलीशी, वाळूत वाढवलेली समुद्रमेथी घरी करायची असेल तर दोन्ही वस्तूंची गरज नाही. ती बीजपत्रांच्या वयातच काढली जाते आणि बियांतल्या शिदोरीवरच वाढलेली असते.

बाल्कनीतला खरा तुटवडा उजेडाचा आहे. अपुऱ्या उजेडात पानाला वायू कमी पडत नाही, ऊर्जा कमी पडते. जास्त कार्बन डायऑक्साइडने प्रकाशश्वसन घटून थोडा फायदा अशा वेळीही होतो, पण कठड्यावर दीड फूट पुढे सरकवलेला ट्रे त्याहून कितीतरी अधिक देऊन जातो. बंद मांडणी वापरणाऱ्यांनी एक छोटा पंखा लावला तरी पुष्कळ, कारण दाट पानांच्या गर्दीत भर उन्हात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि हवा खेळती झाली की तो आपोआप भरून निघतो.

बाटलीबद्दल काही गोष्टी चांगल्या आहेत. खत स्वच्छ विरघळते, वास सौम्य आहे, टोपणावरच्या खुणा अचूक आहेत आणि लेबलवर एकूण नत्राचे प्रमाण दिलेले आहे. तक्रार अशी की त्या नत्रापैकी नायट्रेट किती, अमोनियम किती आणि युरिया किती, याची फोड दिलेली नाही. पालेभाजीच्या बाबतीत ही फोड शोभेची नाही. अपुऱ्या उजेडात आणि भरपूर नायट्रेटवर वाढलेल्या पालकाच्या पानांत नायट्रेट साठून राहते, कारण त्याचे प्रथिनांत रूपांतर करायला लागणारी ऊर्जा पानाकडे नसते. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे ३,५०० मिलिग्रॅम नायट्रेटची कमाल मर्यादा घातली आहे ती याच चिंतेतून. पत्रकात दर आठवड्याला पूर्ण मात्रा सांगितली आहे. तीन-चार तास ऊन असलेल्या मुंबईच्या बाल्कनीत मी ती निम्मी करावी असे सुचवीन आणि काढणीआधीचा आठवडा खत बंद ठेवावे. पूर्ण मात्रेच्या ट्रेमध्ये पाने इतकी लुसलुशीत झाली की मावा ही कीड प्रथम तिथेच आली, हेही सांगायला हवे.

किमतीच्या दृष्टीने बाटली महागच आहे. चेंबूरच्या खत कारखान्यामुळे मुंबईकरांना परिचित असलेल्या सुफलात १५ टक्के नत्र, तेवढेच स्फुरद (फॉस्फरस) आणि तेवढेच पालाश (पोटॅश) असते. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात किलोने मिळते आणि बाल्कनीला एक किलो वर्षभर सरत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, पण कुंडीच्या लहानशा मातीत त्याची मात्रा चुकणे फार सोपे असल्यामुळे नवख्यांनी त्यापासून दूर राहावे. जाता जाता एक गंमत नोंदवते: युरिया हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातूनच तयार करतात, म्हणजे या संचात अलग विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टी कारखान्यात केव्हाच एकत्र आलेल्या आहेत.

पत्रकातल्या आणखी एका दाव्याकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही. ‘कार्बन डायऑक्साइडवर वाढलेली भाजी अधिक पौष्टिक’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. उपलब्ध पुरावा उलट दिशेचा आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडखाली पानांतील नत्राचे प्रमाण मोकळ्या शेतातल्या प्रयोगांत सरासरी दहा-पंधरा टक्क्यांनी घटलेले आढळते. निरनिराळ्या देशांतल्या अशा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ५५० पीपीएमला वाढलेल्या गव्हात आणि भातात जस्त, लोह आणि प्रथिने कमी भरली. गव्हातले जस्त नऊ टक्क्यांच्या आसपास घटले होते. भरपूर नत्र दिले तर प्रथिनांची घट काहीशी कमी होते, जस्ताची आणि लोहाची भरपाई मात्र नत्राने होत नाही. ज्या घरांत पोषणाचा मोठा भाग भात आणि पोळीतूनच येतो, तिथे ही घट किरकोळ म्हणता येणार नाही, आणि ती पौष्टिकतेच्या नावाने विकणे मला आक्षेपार्ह वाटते.

सेवेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. खोके वेळेवर आले, बाटलीचे झाकण घट्ट होते. पिशवीच्या गाळणीजवळ हिरवी बुरशी दिसू लागली तेव्हा मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. ही बुरशी मूळची पांढरी बुरशी नव्हे, पावसाळी हवेत शिरलेला संसर्ग होता. उत्तर नम्र आले, पण ‘हे नैसर्गिक आहे, पिशवी हलवा’ एवढेच. दमा असलेल्या माणसाच्या घरात अशी पिशवी हलवणे म्हणजे बीजाणू हवेत उडवणे होय. पिशवीवर हिरवा डाग दिसला तर ती न हलवता दुसऱ्या पिशवीत बांधून बाहेर काढावी.

घ्यायचे असेल तर बाटली वेगळी मिळते ती घ्यावी, पिशवी सोडून द्यावी. पूर्ण बंद खोलीत दिव्यांखाली, एसी लावून, मांडण्यांवर कोथिंबीर किंवा लेट्यूस वाढवणाऱ्या व्यावसायिकांना कार्बन डायऑक्साइडचा विचार करण्यासारखा आहे, पण त्यांनीही सिलिंडर, नियंत्रक आणि धोक्याची घंटा असलेली खरी यंत्रणा पाहावी, कारण माणसांनी काम करायच्या जागेत आठ तासांची सरासरी ५,००० पीपीएमच्या पुढे जाऊ द्यायची नसते. त्याआधी आपण सी-३ पीक लावतो आहोत की माठ, आणि खतातले नत्र पुरेसे आहे की नाही, हे तपासून घ्यावे.

ज्यांनी संच आधीच घेतला आहे त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. पिशवी संपल्यावर आतला माल ‘खत म्हणून कुंडीत मिसळावा’ असे पत्रकात लिहिले आहे. तसे करू नये. उरलेल्या भुशात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते, तो कुजवताना मातीतले जिवाणू लागणारे नत्र कुंडीतूनच उचलतात आणि पालक पिवळा पडतो. तो माल ओल्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याबरोबर, म्हणजे भाजीची देठे आणि चहाचा चोथा यांच्या थरांत, कंपोस्टच्या डब्यात टाकावा आणि काळा, भुसभुशीत होईपर्यंत कुंडीच्या बाहेरच ठेवावा.